मागच्या सीटवर मधोमध

लॉककाकांना त्या रस्त्यावर सगळे लॉककाकाच म्हणतात. टायरवाला आणि आरसेवाला यांच्या मधे त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक गाडी आत शिरेल एवढा बोळ आणि वर पत्रा. गाडी आत घ्यायची तर डावीकडचा आरसा मिटवायचा, गाडी डाव्या भिंतीला जवळजवळ टेकवायची, मग कुठे उजवीकडून माणसाला वावरायला जागा होते. नवं गिऱ्हाईक हे बघून धास्तावतं. "घासणार तर नाही ना हो?" असं विचारतं. काका त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. तीस वर्षांत एका गाडीला ओरखडा उठलेला नाही, हे स्वतःच्या तोंडानं सांगणं त्यांना जमत नाही. ते काम टायरवाला करतो आणि सांगताना पाच वर्षं पदरची घालतो.

काकांचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं आहे. गाडीला चोरभोंगा बसवायचा आणि तो भोंगा दारांच्या लॉकशी जोडून द्यायचा, म्हणजे हातातल्या रिमोटचं एक बटण दाबलं की भोंगाही चालू आणि चारही दारं बंद. ऐकणाऱ्याला वाटतं, चार वायरी इकडच्या तिकडे केल्या की झालं. तसं वाटून ज्यांनी घरी हात मारला, त्यांच्याच गाड्या पुढे दोरीनं ओढत काकांकडे आल्या. कारण गाडी गाडीचं लॉक निराळं. एखाद्या गाडीत लॉकचं बटण दाबलं की वायरीत करंट येतो. दुसरीत येत नाही, तिथे वायरीला अर्थिंग मिळतं. तिसरी जात मोठी खट्याळ. तिच्या दोन्ही वायरी एरवी अर्थला टेकून गप्प बसलेल्या असतात, बंद करताना एकीत करंट येतो आणि उघडताना दुसरीत. अशा गाडीत वायर कापून मधे रिले, म्हणजे करंटवर आपोआप चालणारा छोटा खटका, घालावा लागतो. न कापता नुसती सोलून तिला भोंग्याची वायर गुंडाळली, तर फ्यूज उडालाच म्हणून समजा.

म्हणून काका वायरीच्या रंगावर कधी जायचे नाहीत. निळी असो, हिरवी असो, आधी टेस्टलँप लावायचा, दिवा लागतो का बघायचं, मग हात घालायचा. टेस्टलँप कायम शर्टाच्या खिशाला अडकवलेला. एका लग्नालाही ते तसेच गेले होते, आणि फोटोत नवरा-नवरीपेक्षा त्यांचा टेस्टलँप जास्त उठून दिसतो असं काकू सांगायच्या.

आता काकूंचं सांगायला हवं, कारण दुकानातलं निम्मं काम काकूंचं होतं आणि हे काकांनी कधी कबूल केलं नाही.

दुकानाच्या मागच्या भिंतीत एक दार आहे. ते उघडलं की दोन खोल्या, तेच घर. काकूंनी वायरीला कधी हात लावला नाही. त्यांचं काम सगळं झाल्यावर सुरू व्हायचं. भोंगा बसला, दारांचे पत्रे परत लागले, की काका मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारायचे, "अगं, बसतेस का?" काकू हातात असेल ते घेऊन यायच्या. बहुतेक वेळा निवडायची भाजी असायची. मागच्या सीटवर मधोमध बसायच्या, कारण तिथून चारही दारांच्या लॉकच्या खुंट्या दिसतात. काका दारं लावून, काचा वर करून बाहेर उभे राहायचे आणि बटण दाबायचे. आतून बंद काचेमागचा काकूंचा आवाज यायचा.

"पुढचे दोन पडले! मागचा उजवा अर्धाच!"

काका दार उघडून काहीतरी करायचे, परत बाहेर जाऊन बटण दाबायचे.

"आता?"

"पडला. पण रडत रडत पडला."

म्हणजे मोटर दमली आहे, बदला. काकूंची भाषा एवढ्या वर्षांत एवढी पक्की झाली होती की रडत पडणं, अडखळत पडणं आणि आदळणं या तिन्हींवर काका तीन वेगळे इलाज करायचे. शेवटी काकू म्हणायच्या, "चारही!" की काम संपलं. पंचवीसेक वर्षांत त्या बोळातून एकही गाडी काकूंच्या "चारही" शिवाय बाहेर पडली नाही. काही गाड्यांमधून मटारचे दाणेही बाहेर पडले. एका वकिलाला सीटखाली मटार सापडले तेव्हा तो तक्रार घेऊन आला होता, आणि काकूंनी त्याला उरलेली शेंगांची पिशवी देऊन परत पाठवलं.

एकदा तर काका काकूंना आत बसवून विसरलेच. भोंगा नवा होता, दार लावल्यावर अर्ध्या मिनिटात आपोआप लॉक होऊन चालू होणारा. तेवढ्यात आरसेवाल्यानं चहाला हाक मारली आणि काका रिमोट खिशात टाकून गेले. काकू आत. हलल्या तर भोंगा वाजणार आणि सगळा रस्ता गोळा होणार, म्हणून त्या माउलीनं चाळीस मिनिटं मान न हलवता काढली. त्यानंतर वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट ऐकावी लागली. "आमचे हे मला गाडीत कोंडून चहाला गेले," अशी सुरुवात असायची, आणि काका दर वेळी गाडीखाली काहीतरी शोधायला वाकायचे.

मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. इतकं लांब की पोचायला एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. तिचे दिवस भरत आले तेव्हा काकू बाळंतपणाला निघाल्या. दीड-दोन महिन्यांचा प्रश्न होता. काकूंनी डबेवालीला सांगून ठेवलं, काकांच्या गोळ्या कुठे असतात ते काकांनाच तीन वेळा दाखवलं, आणि गेल्या.

दोन महिने झाले तेव्हा बाळ रात्रभर रडत होतं. चार महिने झाले तेव्हा मुलीची रजा संपली. मग पोराला पाळणाघरात सर्दी व्हायला लागली. पोरगं चालायला लागलं, बोलायला लागलं, आणि त्याच्या पाठीवर दुसरी आली. अशी अडीच वर्षं झाली. कोणी कोणाला ठरवून फसवलं नाही. प्रत्येक वेळचं कारण खरं होतं आणि प्रत्येक वेळी ते पुढच्या महिन्यापुरतंच होतं.

दर रविवारी अकरा वाजता काका फोन करायचे.

"काय म्हणतेस?"

"ठीक आहे सगळं. तुमचं?"

"ठीक. डबा चांगला असतो."

"गोळ्या घेता ना?"

"घेतो."

मग नातवाला फोनवर आणलं जायचं, तो आजोबांना भोंग्याचा आवाज काढायला लावायचा, काका काढायचे, टायरवाला पलीकडून हसायचा, आणि फोन संपायचा. मला या "ठीक" शब्दाचा भयंकर राग आहे. दोन माणसं त्याच्या आड बसून वर्षानुवर्षं झुरतात आणि वर एकमेकांना तब्येतीची काळजी घ्यायला सांगतात.

कारण काका झुरत होते. दुसरा शब्द नाही त्याला. एकोणसाठ वर्षांचा माणूस, केस पांढरे, दिवसभर दारांच्या पत्र्यात खांद्यापर्यंत हात घातलेला, आणि बटण दाबून झालं की एक क्षण थांबायचा. आतून आवाज येईल म्हणून थांबायचा. आत कोणी नाही हे आठवलं की मग पुढे सरकायचा. दिवसातून दोन गाड्या झाल्या तर दोनदा, तीन झाल्या तर तीनदा. घरात त्यांना एवढं जाणवत नसे. घरात दिवा लावला, रेडिओ लावला, डबा उघडला की वेळ जायचा. गाडीपाशी मात्र काही केल्या सवय मोडेना. काकूंचा आवाज त्यांना काचेमागूनच नीट आठवायचा, थोडा दबलेला, थोडा दुरून आल्यासारखा. फोनवरचा आवाज त्यांना कोणा दुसऱ्याच बाईचा वाटायचा.

"बोलवून घ्या की वहिनींना," टायरवाला एकदा म्हणाला.

"तिचं मन रमलंय तिथे," काका म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दर रविवारी सांगते. सगळं ठीक आहे म्हणते."

टायरवाल्यानं कपाळाला हात लावला आणि तो पंक्चर काढायला गेला.

तसे काका एकदा जाऊन आले होते. नातू वर्षाचा झाला तेव्हा आठ दिवस राहायचं ठरवून गेले. जावई भला माणूस. त्यानं स्टेशनवरून आणलं, स्वतःची खोली दिली, "बाबा, आता इथेच राहा, दुकान विकून टाका" असंही म्हणाला. तो मनापासूनच म्हणाला होता, पण काकांनी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी ते इमारतीच्या तळघरात फिरायला गेले. तिथे साठ-सत्तर गाड्या ओळीनं उभ्या होत्या, एकजात नव्या. कारखान्यातूनच लॉक आणि भोंगा घेऊन आलेल्या. काका हात मागे बांधून त्यांच्यामधून फिरले. एकाही गाडीला त्यांची गरज नव्हती. पहारेकऱ्यानं दोनदा विचारलं, काका, काही हवंय का. तिसऱ्या दिवशीही विचारलं. चौथ्या दिवशी काकांनी एका गिऱ्हाईकाचा भोंगा बंद होत नसल्याचं निमित्त काढलं आणि बॅग भरायला सांगितली. "बरं," एवढंच काकू म्हणाल्या. गिऱ्हाईक वगैरे काही नव्हतं, हे काकूंना न कळण्याइतका संसार नवा नव्हता.

ही सगळी हकीकत मागची. आता जे घडलं ते एका व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंच्या गाडीमुळे.

बाई पन्नाशीच्या, गाडी जुनी पण नीट राखलेली. लॉक बटणावरचं होतंच, भोंगा नव्हता. मागच्या सीटवर व्हायोलिन असतं म्हणून त्यांना भोंगा बसवून हवा होता. डाव्या बाजूच्या मागच्या दाराची मोटर मेली होती, तीही बदलायची होती. काकांनी गाडी भिंतीला लावायच्या आधी ते दार उघडलं, पत्रा काढला, जुनी मोटर काढली, नवी बसवली. जुन्या मोटरला एक निळी वायर आणि एक हिरवी, नवीलाही निळी आणि हिरवी. काकांनी निळीला निळी जोडली आणि हिरवीला हिरवी.

टेस्टलँप खिशातच राहिला.

असं का झालं, ते काकांनाही नीट सांगता आलं नसतं. त्या दिवशी रविवार होता, दुकान उघडं ठेवलं होतं आणि नुकताच फोन होऊन गेला होता. फोनवर नातवानं आजीला दुसऱ्या खोलीतून हाक मारली होती आणि काकू बोलता बोलता "आले रे राजा" म्हणून उठून गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत काका फोन कानाला लावून उभे होते. काकू परत आल्याच नाहीत, पोरानंच येऊन फोन बंद केला. एवढंच झालं होतं.

गाडी मग भिंतीला लागली, भोंगा बसला, रिले बसले, आणि टेस्टची वेळ आली. काकू गेल्यापासून काका कानावर काम चालवायचे. बाहेर उभं राहायचं, डोळे मिटायचे, बटण दाबायचं आणि खटके ऐकायचे. चारही मोटरी एकदमच वाजतात, पण तीस वर्षं तेच ऐकलेल्या कानाला त्यातले चार वेगळे कळतात. एखादी दमलेली असली तरी कळते. त्या दिवशी चार खटके आले, चांगले खणखणीत आले. उजवीकडची दोन दारं काकांनी ओढून बघितली, बंद होती. भिंतीकडच्या बाजूला माणूस जात नाही. काकांनी रिमोट बाईंच्या हातात दिला.

कानाला सगळं कळतं, पण खुंटी खाली आली की वर गेली, हे कळत नाही. आवाज दोन्हीचा सारखाच असतो.

चार दिवसांनी बाई परत आल्या. भांडायला आल्या असत्या तर काकांना सोसलं असतं. त्या हसत आल्या.

"काका, तुमच्या भोंग्याची एक गंमत सांगू? तीन दारं बंद होतात तेव्हा चौथं उघडतं."

काकांना आधी कळलंच नाही.

"मागचं डावं हो. मी त्या दारानं कधी जात नाही, मला पत्ता नव्हता. काल एका मुलीनं घाईत ते दार ओढलं. गाडी लॉक होती, दार खुशाल उघडलं आणि भोंगा सुरू. मग मी नीट बघितलं. मी बंद करते तेव्हा ते उघडतं आणि मी उघडते तेव्हा ते बंद होतं!" बाईंना खरंच मजा वाटत होती. "जाऊ दे हो. चोर आला असता तरी भोंगा वाजला असताच की."

"भोंगा वाजेपर्यंत व्हायोलिन गेलं असतं," काका म्हणाले. त्यांचं तोंड उतरलं होतं.

त्यांनी गाडी या वेळी उलटी घेतली, उजवी बाजू भिंतीला. दाराचा पत्रा काढला. टेस्टलँप लावला. नव्या मोटरीच्या कारखानदारानं रंग उलटे लावले होते, दिव्यानं ते एका क्षणात सांगितलं. काकांनी वायरी अदलाबदल केल्या, टेप गुंडाळली, पत्रा लावला. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. या वीस मिनिटांच्या चुकीपायी कोणाचं तरी पोटापाण्याचं वाद्य चार दिवस उघड्यावर होतं. काकांना शरम वाटली, आणि शरमेच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते शरमेपेक्षा जड होतं.

"मी आत बसून बघू का?" बाईंनी विचारलं. "तुम्हाला बाहेरून सगळं दिसणार नाही."

काका काही बोलायच्या आत त्या मागचं दार उघडून आत सरकल्या आणि मधोमध बसल्या. काकांनी दार लावलं. काचा वर होत्या. त्यांनी बटण दाबलं.

"बंद झाली हो! चारही!" काचेमागून एका बाईचा आवाज आला.

काका रिमोट धरून तिथेच उभे राहिले. बाईंनी आतून पुन्हा सांगितलं, मग काचेवर बोटानं टकटक केली. काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नव्हता.

"काका? अहो, काय झालं?"

"आत बसणारं माणूस गावाला गेलंय," काका म्हणाले. "अडीच वर्षं झाली."

बाईंना जेवढं समजायचं तेवढं समजलं. जाताना त्या गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "फोन आहे ना तुमच्याकडे?"

गुरुवार होता. दुपारचे तीन वाजले होते. काकांनी अडीच वर्षांत पहिल्यांदा गुरुवारी फोन लावला.

"काय झालं?" काकूंनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "पडलात का? छातीत दुखतंय का? टायरवाले भाऊजी आहेत का जवळ?"

"काही झालं नाही. एका गाडीचं मागचं दार उलटं जोडलं मी."



"तुम्ही?"

"मी."

"लँप नाही लावलात?"

"रंग बघितला."

"असं कसं केलंत?" काकूंच्या आवाजात खरा धक्का होता. "आणि टेस्ट करताना? आत कोण होतं?"

"कोण असणार? आत कोणी नसतं." काकांनी भिंतीला हात टेकला. "तू ये ना गं."

एवढं एक वाक्य. ते बोलायला त्यांना अडीच वर्षं लागली होती आणि बोलून झाल्यावर ते इतकं छोटं निघालं की त्यांना स्वतःचाच राग आला.

मागे बाळ कुरकुरत होतं. काकू त्याला थोपटत असाव्यात.

"हे आत्ता सुचलं तुम्हाला?"

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून म्हणायचं होतं."

"मग का नाही म्हणालात?"

"तू म्हणायचीस सगळं ठीक आहे. वाटलं, तुला तिथे बरं वाटतंय. कशाला उगाच जीव अडकवा."

"आणि तुम्ही म्हणायचात डबा चांगला आहे. दर रविवारी डब्याचं कौतुक! मला वाटलं, माझ्यावाचून यांचं काही अडत नाही. पोरगी मला म्हणायची, आई, बाबांनी एकदा बोलावू दे, दुसऱ्या दिवशी तिकीट काढते. मी वर्षभर वाट बघितली. रविवारी अकराला हातातलं सगळं टाकून फोनपाशी येऊन बसायचे." काकूंनी नाक ओढलं. "आता नाही हो येता येणार मला. तिला नोकरी नवी आहे, धाकटी आठ महिन्यांची. मी उठून आले तर तिला घरी बसावं लागेल."

"किती दिवस?"

"दिवस कसले. दोन वर्षं तरी धरा."

काका छपराच्या पत्र्याकडे बघत राहिले. तोंडातून सवयीनं निघालं, "बरं. मग ठेवतो."

"ठेवू नका!"

काकू इतक्या जोरात बोलल्या की बाळ रडायला लागलं. त्यांनी ते आतल्या पाळण्यात नेऊन ठेवलं असावं, कारण रडणं लांब गेलं.

"तुम्ही इथून चौथ्या दिवशी निघालात," काकू म्हणाल्या, "तेव्हा तुमची बॅग मी भरली. तुमचे चारच शर्ट होते. मी ते तीन वेळा उलगडले आणि तीन वेळा घडी घातले. म्हटलं, तेवढ्या वेळात तरी म्हणाल, राहतो म्हणून. तुम्ही दारात चपला घालून उभे."

"मला तिथे काम नव्हतं काही."

"मी होते की तिथे."

अडीच वर्षं काका एकच गोष्ट धरून बसले होते, काकू परत कधी येतील. आपण जाऊ शकतो, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं, जसं काही रस्ता एकाच बाजूनं चालू होता. आठ दिवसांसाठी गेले होते तेही पाहुणे म्हणून गेले होते, आणि पाहुण्यासारखेच निघून आले होते.

"दुकानाचं काय?" त्यांनी विचारलं.

"जन्मभर लोकांची दारं बंद करून दिलीत," काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या ते काकांना कळेना. "आपलं एक दार बंद करता येत नाही?"

"सोमवारी एक गाडी सांगून ठेवलीय."



"या हो," काकू म्हणाल्या, अगदी हळू. "मला करमत नाही."

तेहतीस वर्षांत काकूंनी काकांना भाजी आणायला सांगितली होती, गोळ्या घ्यायला सांगितलं होतं, मुलीच्या शाळेत जायला सांगितलं होतं. स्वतःसाठी असं काही त्यांनी कधी मागितलं नव्हतं.

काकांनी फोन ठेवला. मग त्यांनी सोमवारच्या गाडीवाल्याला फोन लावला आणि त्याला दुसरा माणूस बघायला सांगितलं.